डिग्री नसताना तिनं लकवा झालेल्या चित्रकाराचा हात हातात घेतला आणि जगभरची फिजिओथेरपी बदलली

भातकुलीत काय किंवा दर्यापुरात काय, घरातल्या आबाजींना लकवा मारला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात काही दिवस, मग घरी. ओसरीत बाज टाकली जाते. भेटायला येणारा प्रत्येक जण एक नवं तेल सांगून जातो. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं (त्यानं काहीही होत नाही, हे इथंच सांगून टाकू). मग कुणीतरी फिजिओथेरपिस्टचा नंबर काढतं. तो येतो, आबाजींचा हात वर-खाली करतो, पाय दुमडतो, सरळ करतो आणि जातो. तो गेला की हेच काम सून करते, सून थकली की नातू करतो.

आता साधा प्रश्न. दुसऱ्यानं हात हलवून दिला म्हणजे माणूस स्वतःहून हात हलवायला शिकतो का?

हा प्रश्न एका बाईनं आयुष्यभर आपल्या दोन हातांत धरून ठेवला होता. तिचं नाव बर्टा बोबाथ. फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकणाऱ्या कुणालाही विचारा, हे आडनाव त्यानं परीक्षेत लिहिलेलं असतं. बाकीच्यांना मात्र ती ठाऊक नाही.

बर्टाचा जन्म १९०७ चा, बर्लिनचा. माहेरचं आडनाव बुसे. ती काही डॉक्टर वगैरे नव्हती. विशीच्या आतच ती बर्लिनमधल्या अॅना हेरमान यांच्या जिम्नॅस्टिक्स शाळेत दाखल झाली. जिम्नॅस्टिक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोलांट्या येतात, पण ही शाळा वेगळी होती. अंग कसं सैल सोडायचं, कुठला स्नायू उगाच ताणला जातोय ते कसं ओळखायचं, हालचाल आतून कशी जाणवते, यावर तिथं भर होता. शिकून झाल्यावर बर्टा तिथंच शिकवायला लागली. हाताखालचं अंग कुठं आखडलंय आणि कुठं सैल होतंय हे बोटांनी ओळखण्याची सवय तिला इथं लागली. पुढची सगळी कहाणी या एका सवयीवर उभी आहे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बर्टा होती ज्यू. तिचं शिकवण्याचं काम त्याच सुमारास संपलं.

इथं वऱ्हाडातल्या वाचकांसाठी एक छोटी गंमत. १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ बर्लिनला गेला होता आणि तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं त्यांनी करून दाखवली होती. अमरावतीची पोरं ज्या शहरात व्यायाम दाखवत होती, त्याच शहरात व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईला ज्यू म्हणून जागा उरलेली नव्हती. दोघांची गाठ पडली असं मी म्हणत नाही, पण काळ कसा होता ते यावरून कळतं.

१९३८ मध्ये बर्टा लंडनला पळाली. कारेल बोबाथ हाही बर्लिनमध्येच जन्मलेला, ज्यू, शिकलेला डॉक्टर आणि आता तिच्यासारखाच निर्वासित. दोघांची ओळख जुनी होती. १९४१ मध्ये त्यांनी लंडनमध्ये लग्न केलं.

तर झालं असं, की चाळीसच्या दशकात बर्टाकडे एक पेशंट आला. सायमन एल्वेस. साधासुधा माणूस नव्हता, ब्रिटिश राजघराण्यातल्या लोकांची पोर्ट्रेट करणारा नावाजलेला चित्रकार. त्याला स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. चित्रकाराचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं, हे वेगळं सांगायला नको.

स्ट्रोकमध्ये नेमकं काय होतं ते थोडक्यात बघू. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते आणि तिथल्या पेशी मरतात. हाताला किंवा पायाला काही झालेलं नसतं, त्यांना हुकूम देणारं ऑफिस बंद पडलेलं असतं. सुरुवातीला हात लुळा पडतो. काही आठवड्यांनी अनेकांचा तोच हात कडक व्हायला लागतो. कोपर दुमडतं, मूठ आवळली जाते, हात छातीशी येऊन चिकटतो. मेंदूकडून स्नायूंना लागणारा ब्रेक सुटलेला असतो, म्हणून हे आखडणं. आपल्याकडे लकवा झालेली बरीच माणसं असाच हात छातीशी धरून चालताना दिसतात.

तेव्हाची उपचाराची रीत अशी होती की गेलेली बाजू गेली असं धरून चालायचं. मालिश करा, शेक द्या, पट्ट्या बांधा. खरी मेहनत चांगल्या बाजूवर घ्या, म्हणजे माणूस एका हातानं आणि काठीनं आयुष्य काढेल. यात दुष्टपणा काही नव्हता, युद्धाच्या दिवसांत ते व्यवहारीच होतं.

बर्टाकडे फिजिओथेरपीची पदवी नव्हती, त्यामुळे ही रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती. मला वाटतं तिचा फायदा इथंच झाला. तिनं एल्वेसचा आखडलेला हात हातात घेतला आणि बर्लिनमध्ये शिकल्याप्रमाणे बोटांनी चाचपायला सुरुवात केली. तिच्या लक्षात आलं की हे आखडणं दगडासारखं कायमचं नाही. खांदा अमुक दिशेला नेला, धड थोडं वळवलं, की दुमडलेलं कोपर आपोआप सैल होतं. बोटं ओढून मूठ उघडायला गेलं तर ती आणखी आवळते, पण खांद्याकडून आणि पाठीकडून गेलं तर उघडते. म्हणजे कडकपणा एकेका स्नायूत नव्हता, तो सगळ्या अंगाच्या ठेवणीशी बांधलेला होता. आणि अंग सैल झालेल्या त्या थोड्या वेळात पेशंट स्वतः काहीतरी हालचाल करू शकत होता.

गेलेल्या बाजूत अजून काहीतरी शिल्लक आहे, ही गोष्ट तिनं मेंदूचा स्कॅन नसलेल्या काळात फक्त हातांनी ताडली होती.

एल्वेसचं पुढं काय झालं? सोशल मीडियावर अशा गोष्टीचा शेवट चमत्कारानं होतो, म्हणून हे सांगणं गरजेचं आहे. त्याच्या अंगाचा कडकपणा कमी झाला, तो पुन्हा कामालाही लागला. पण ब्रश त्यानं डाव्या हातात घेतला. डाव्या हातानं चित्रं काढायला तो नव्यानं शिकला आणि त्याच हातानं पुढं कितीतरी वर्षं पोर्ट्रेट करत राहिला.

तरी बर्टाला धागा सापडला होता. ती लंडनमधल्या प्रिन्सेस लुईस हॉस्पिटलमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवर काम करू लागली. डिग्री नाही म्हणून लोक ऐकणार नाहीत हे ओळखून तिनं चाळिशी ओलांडल्यावर अभ्यास केला आणि १९५० मध्ये रीतसर फिजिओथेरपिस्ट झाली. पुढच्याच वर्षी नवरा-बायकोनं स्वतःचं क्लिनिक काढलं. कामाची वाटणी ठरलेली होती. बर्टा हातांनी जे शोधायची, त्याची मेंदूविज्ञानातली कारणं कारेल मांडायचा. जगभरातून थेरपिस्ट शिकायला यायला लागले.

आपल्याकडे तेव्हा हा विषय नुकताच रांगत होता. पोलिओच्या साथीनं मुंबई हादरली होती आणि १९५३ मध्ये तिथल्या केईएम हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीची भारतातली पहिली शाळा सुरू झाली. बोबाथ हे नाव हळूहळू आपल्या अभ्यासक्रमातही आलं आणि तिथं ते अजून आहे. १९७० मध्ये बर्टाचं मोठ्या माणसांच्या लकव्यावरचं पुस्तक निघालं, 'अॅडल्ट हेमिप्लेजिया', आणि थेरपिस्ट मंडळींसाठी ते जवळपास पोथीच झालं.

पोथी झाली की त्रास सुरू होतो. पण बर्टा स्वतः पोथीनिष्ठ नव्हती, आणि मला ती सगळ्यात जास्त इथं आवडते. सुरुवातीच्या वर्षांत ती पेशंटला ठरावीक स्थितीत धरून ठेवायची, म्हणजे कडकपणा उतरेल. तो उतरायचाही. पण पेशंट टेबलावरून उठला, कपडे घालायला लागला, चालायला लागला की सगळं मूळपदावर. टेबलावर मिळवलेलं घरी पोचत नव्हतं. मग तिनं आपलीच रीत मोडली. नुसतं धरून ठेवणं सोडलं आणि पेशंटला हलतं करून हालचालीच्या आतच हातानं दिशा द्यायला लागली. पेशंटला जमतंय असं वाटलं की हात काढून घ्यायचा. म्हणूनच दोघं नवरा-बायको ही ठरलेली पद्धत नसून एक विचार आहे असं सांगत राहिले आणि दर काही वर्षांनी तो दुरुस्त करत राहिले.

२० जानेवारी १९९१ ला लंडनमध्ये दोघंही एकाच दिवशी गेले. ती ८३ वर्षांची होती, तो ८४ चा.

त्यानंतर आकडेवारीची वेळ आली. बर्टाचा अनुभव मोठा होता, पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. २००९ मध्ये संशोधकांनी स्ट्रोकमधल्या बोबाथ उपचारांवरचे १६ अभ्यास एकत्र तपासले. इतर पद्धतींपेक्षा ही सरस आहे असं काही निघालं नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं आणखी मोठा आढावा घेतला, ९६ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त पेशंट. निष्कर्ष असा की व्यायामोपचारानं फायदा होतो, अमुक एक पद्धत बाकीच्यांपेक्षा भारी असं मात्र नाही. पद्धतीच्या नावापेक्षा रोज किती वेळ आणि आठवड्यातून किती दिवस सराव होतो, यानं जास्त फरक पडतो.

असं का व्हावं? यासाठी विहिरीत पोहायला शिकणारं पोरगं आठवा. पाठीला डबा बांधलेला असतो. डबा आहे तोवर पोरगं बुडत नाही, पण अंग पाण्यावर कसं पेलायचं हेही त्याला पुरतं कळत नाही, कारण ते काम डबा करत असतो. हालचाल शिकण्याचंही असंच आहे. मेंदू आधी अंदाज बांधतो, हुकूम सोडतो, चुकतो, आणि चूक कळली की पुढच्या वेळी हुकूम बदलतो. थेरपिस्टनं किंवा सुनेनं हात पूर्णपणे हलवून दिला तर चूक होतच नाही, मग मेंदू बदलणार काय? तशा हालचालीनं सांधे मोकळे राहतात, आणि ते गरजेचंही आहे. पण ते शिकणं नव्हे.

उलट टोकाचा प्रयोग अमेरिकेत झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २२२ पेशंट होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, मोजा चढवून ठेवला आणि अधू हातानंच सगळं करायला लावलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा अधू हात जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. अट एवढीच की मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता आली पाहिजेत. ज्याचा हात अजिबात हलत नाही त्याला हे लागू नाही, आणि नेमका तिथंच आधाराचा हात अजूनही लागतो. पडू नये म्हणून, पहिल्यांदा उभं राहताना गुडघा मोडू नये म्हणून, हालचाल कुठून सुरू होते ते जाणवावं म्हणून.

घरच्यांच्या हातांचं काय, याचाही अभ्यास झालाय आणि तो भारतातलाच आहे. १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट. घरातल्या एका माणसाला व्यायाम शिकवायचा आणि घरी त्यानं तो करून घ्यायचा, अशी योजना होती. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के पेशंट एकतर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. म्हणजे नेहमीच्या देखभालीपेक्षा फरक शून्य. अमरावतीला रोज जाणं परवडत नाही अशा भातकुलीच्या कुटुंबासाठी ही बातमी वाईटच आहे, कारण घरच्यांना थोडंफार शिकवून थेरपिस्टची कमतरता भरून निघेल ही आशा त्यात मोडली.

एका बाबतीत मात्र घरच्यांचे हात लगेच सुधारता येतात. लकव्याच्या बाजूचा हात ओढून कुणालाही बाजेवरून उठवू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो. ओढलं की तो सांध्यातून खाली सरकतो आणि मग इतका दुखतो की माणूस व्यायामच नको म्हणतो. कमरेला किंवा पाठीमागून आधार द्या, पाय जमिनीवर नीट टेकवा, पुढं वाकायला सांगा आणि उठायचा जोर त्यांना लावू द्या.

आणि अमरावतीहून आलेला फिजिओथेरपिस्ट आबाजींपुढं पाण्याचा ग्लास ठेवून स्वतः हात बांधून नुसता बघत बसला, तर तो कामचुकारपणा करतोय असं समजून त्याचे पैसे कापू नका. आबाजींचा हात ग्लासापर्यंत जातो, सांडतो, पुन्हा जातो. त्याचं काम चालू आहे.