विश्लेषण : जहाजफुटीतून वाचला, मुंबईचा मान्सून रंगवला! कोण होते चित्रकार विल्यम वेस्टॉल?

मे महिना सरत आला की न्हावा शेवासमोरच्या पाण्याचा रंग बदलू लागतो. मांडव्याच्या बोटी बंद होतात, कोळी बांधव होड्या ओढून शाकारतात. दोनशे वर्षांपूर्वी याच बंदरातील मान्सूनचे आगमन एका इंग्रज चित्रकाराने रेखाटले. समुद्राचा कोप त्याने स्वतः भोगला होता.

वेस्टॉल समुद्रावर कसे गेले?

विल्यम वेस्टॉल यांचा जन्म १७८१ चा, इंग्लंडमधील हर्टफर्डचा. थोरले बंधू रिचर्ड नावाजलेले चित्रकार होते. त्यांच्याकडेच विल्यम यांनी धडे गिरवले. मॅथ्यू फ्लिंडर्स हे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा तयार करण्यासाठी निघाले, तेव्हा मोहिमेचा निसर्गचित्रकार म्हणून त्यांची निवड झाली. त्या वेळी ते अवघे १९ वर्षांचे होते. जुलै १८०१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाज इंग्लंडहून निघाले. कॅमेरा अस्तित्वात नसल्याने किनारा, डोंगर, माणसे यांची चित्रे काढणे हे मोहिमेचे अधिकृत काम होते. पण जहाज आतून कुजलेले निघाले आणि १८०३ मध्ये सिडनीत ते बाद ठरवावे लागले.

जहाजफुटीत नेमके काय घडले?

मायदेशी परतण्यासाठी फ्लिंडर्स, वेस्टॉल आणि इतर मंडळी ‘पॉरपॉइज’ जहाजावर चढली. सोबत ‘केटो’ आणि ‘ब्रिजवॉटर’ ही आणखी दोन जहाजे होती. १७ ऑगस्ट १८०३ च्या रात्री पॉरपॉइज आणि केटो ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील प्रवाळ खडकांवर आदळून फुटली. केटोवरील तिघे बुडाले. बाकीच्यांनी भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम तीन-चार फूट उंच असलेल्या वाळूच्या पट्ट्यावर आसरा घेतला. फ्लिंडर्स एका छोट्या होडीतून मदत आणायला सिडनीकडे निघाले. ते ७ ऑक्टोबरला परतेपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, उरलेले लोक त्या वाळूवरच होते. वेस्टॉल यांची चित्रे भिजली, काही नष्ट झाली. वाळत घातलेल्या चित्रांवरून जहाजावरच्या मेंढ्या हाकल्या गेल्या, असेही सांगतात.

तिसऱ्या जहाजाचा मुंबईशी काय संबंध?

ब्रिजवॉटर सुखरूप होते. तरीही कप्तान पामर यांनी वाचलेल्यांचा शोध न घेताच जहाज पुढे हाकले आणि दोन्ही जहाजे गेल्याची बातमी दिली. ब्रिजवॉटर मुंबईला पोहोचले. कप्तानाचे वागणे न पटलेल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने पगारावर पाणी सोडून मुंबईतच जहाज सोडले. त्यामुळे त्याचा जीव वाचला. मुंबईहून इंग्लंडकडे निघालेले ब्रिजवॉटर पुन्हा कधीच कुणाला दिसले नाही. आणि ज्यांना वाऱ्यावर सोडले गेले होते, त्यांतील वेस्टॉल चीनमार्गे मुंबईत उतरले ते १८०४ मध्ये!

महाराष्ट्रात त्यांनी काय पाहिले?

ऑस्ट्रेलियाचा सपाट, रखरखीत किनारा वेस्टॉल यांना रुचला नव्हता. त्यांना हिरवे डोंगर आणि पुरातन वास्तू हव्या होत्या. त्या वेळी इंग्रज-मराठे युद्ध सुरू होते. तरीही ते घाट चढून गेले. कार्ल्याची आणि घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली. १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परदेशी निसर्गचित्रांच्या पुस्तकात मुंबई आणि मराठी मुलखाला जागा मिळाली.

मान्सूनचे चित्र कोणते?

कंपनीच्या मुंबई लष्करातील कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले यांनी १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारतावरील चित्रांचे पुस्तक काढले. पुढे ग्रिंडलेज बँक ज्यांच्या नावाने ओळखली गेली, तेच हे ग्रिंडले. या पुस्तकात मुंबई बंदरात येणाऱ्या मान्सूनचे चित्र आहे. त्याचे रेखाटन वेस्टॉल यांचे.

या पुस्तकातील चित्रे अ‍ॅक्वाटिंट पद्धतीने छापलेली आहेत. यात तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरून ती तापवतात आणि मग पत्रा आम्लात बुडवतात. पत्रा जितका जास्त वेळ आम्लात, तितकी छटा गडद. त्यामुळे केवळ रेघांत न सापडणारे काळे ढग आणि गढूळ पाणी कागदावर उतरवता येते. नंतर प्रतींवर हाताने रंग भरत.

त्या काळी वादळी समुद्राचे इतके आकर्षण का?

एकोणिसाव्या शतकात युरोपचा व्यापार, युद्धे आणि साम्राज्ये शिडाच्या जहाजांवर चालत. जहाजफुटी ही घराघरांतली भीती होती. निसर्गापुढे माणूस किती लहान, हे दाखवण्याची ओढही चित्रकारांना होती. वेस्टॉल यांचे समकालीन टर्नर यांनी १८०५ मध्ये रंगवलेले जहाजफुटीचे भव्य चित्र प्रसिद्ध आहे. वेस्टॉल यांनीही पॉरपॉइजचा अपघात आणि तो वाळूचा पट्टा चित्रांत आणला. फ्लिंडर्स यांच्या १८१४ च्या प्रवासग्रंथात त्या पट्ट्याचे चित्र छापले गेले.

पुढे काय झाले?

१८१२ मध्ये वेस्टॉल रॉयल अकादमीचे सहयोगी सदस्य झाले. पूर्ण सदस्यत्व मात्र कधीच मिळाले नाही. २२ जानेवारी १८५० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. जो किनारा त्यांना रुचला नाही, तिथेच आज त्यांची कदर आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांची शंभराहून अधिक रेखाटने जपली आहेत आणि तिथल्या एका डोंगराला त्यांचे नाव आहे.

आपल्याकडे याचे महत्त्व काय?

मुंबई बंदराचे तोंड नैर्ऋत्येकडे उघडते आणि मान्सूनचे वारेही तिकडूनच येतात. १९८९ मध्ये न्हावा शेवाला आधुनिक बंदर सुरू झाले, किनाऱ्याचे रूप पालटले. वाऱ्याची दिशा मात्र तीच आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी, तशीच खवळलेल्या समुद्रापासून जीव वाचवण्यासाठीही. क्रेन आणि कंटेनर येण्याआधी हे पाणी कसे दिसे, याचा पुरावा अशा जुन्या चित्रांतच मिळतो.