वेन्स्लीडेलचे डॉक्टर आणि आपल्या नववीतली कावीळ

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहून द्या, असा निरोप ग्रुपवर तिसऱ्यांदा आला तेव्हा मी ठरवलं, आपल्या शाळेत कधीही पाऊल न टाकलेल्या एका माणसाबद्दल लिहायचं. शाळेची आठवण त्यात येईलच. आपण नववीत असताना फेब्रुवारी संपता संपता वर्गातल्या नऊ जणांना कावीळ झाली होती आणि फाटकाजवळच्या गोळेवाल्या काकांना त्यापायी गाडी घेऊन निघून जावं लागलं होतं, हे बहुतेकांना आठवत असेल. बाईंनी विचारल्यावर आजारी मुलांनी काय काय खाल्लं त्याची यादी मॉनिटर म्हणून मीच केली होती. नवांच्या नवांपुढे गोळा लिहिलेला होता.

आता त्या माणसाबद्दल. डॉ. विल्यम पिकल्स. आडनाव ऐकून मागच्या बाकांवर हसू फुटणार, हे धरूनच चालले आहे. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात लीड्स शहरात 1885 साली त्यांचा जन्म झाला. वडील तिथे जनरल प्रॅक्टिस करत, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर. मुलानेही तोच रस्ता धरला. शिक्षण संपल्यावर वेन्स्लीडेल नावाच्या खोऱ्यात, एझगार्थ या खेड्यात ते बदली डॉक्टर म्हणून गेले. तो भाग त्यांच्या मनात असा भरला की 1913 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी तिथला दवाखाना विकतच घेतला. पहिल्या महायुद्धात नौदलात डॉक्टर म्हणून गेले, तो काळ सोडला तर निवृत्तीपर्यंत, म्हणजे 1964 पर्यंत, ते तिथेच राहिले. मेंढ्यांची कुरणं, दगडी कुंपणं, चीज करणारी घरं आणि एकमेकांपासून अंतर राखून वसलेली छोटी गावं. मोठं इस्पितळ नाही, प्रयोगशाळा नाही, विद्यापीठ नाही.

सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग त्यांच्या मनात घर करून राहिला. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी एक भटकी बाई आपली घोडागाडी घेऊन गावात आली. आत तिचा नवरा आजारी पडलेला. गावच्या पंपावर तिने त्याचे कपडे धुतले. पंप सदोष होता, त्यातून विषमज्वर गावात पसरला. शहरात ही साखळी कुणाला दिसलीच नसती. खेड्यात ती बाई कुठून आली, कुठे थांबली, कुठे धुणं धुतलं, सगळं दहा जणांनी पाहिलेलं असतं.

तरी त्यातून काही संशोधन करावं, हे त्यांना लगेच सुचलं नाही. 1926 साली सर जेम्स मॅकेन्झी यांचं हृदयविकारावरचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. मॅकेन्झी हे बर्नली या गिरणगावात वर्षानुवर्षं साधी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. नाडीची लय कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि रोज येणाऱ्या रोग्यांच्या नोंदींतून हृदयाच्या ठोक्यांचं शास्त्र पुढे नेलं. रोगाची सुरुवात फक्त फॅमिली डॉक्टरला दिसते, इस्पितळात पोचतो तो बराच पुढे गेलेला आजार, हा त्यांचा मुद्दा पिकल्सना पटला. तेव्हा पिकल्स 41 वर्षांचे होते. आपल्यापैकी ज्यांना आता नवीन काही सुरू करायचं वय गेलं असं वाटतं (मी त्यात पहिली), त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एकदा संध्याकाळी टेकडीवर उभे असताना त्यांना खालचं गाव दिसलं. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता, दिवेलागण होत होती. या सगळ्या घरांतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला आपण नावाने ओळखतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. आणि ओळखतो तर साथ आली की कोण कधी आजारी पडलं आणि त्याआधी कुणाला भेटलं, हे रोजच्या रोज लिहून ठेवता येईल, हेही. मग 1930 नंतरची पुढची कित्येक वर्षं घरी मोठाल्या चौकटीच्या कागदावर तक्ते भरले गेले. एका बाजूला गावं, दुसरीकडे तारखा, प्रत्येक रोगाला वेगळा रंग. दिवसभर घरोघरी फिरून आलेला नवरा सांगणार आणि त्याची पत्नी गर्टी चौकोन रंगवणार. मी पोटापाण्यासाठी दवाखान्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून सांगते, आमच्या फॉर्ममध्ये चाळीसेक रकाने आहेत. बिलाचे आहेत, विम्याचे आहेत. आजारी पडायच्या आधी कुणाला भेटलात, हा रकाना नाही. असा फॉर्म का हवा, हे शोधत असतानाच मला पिकल्स भेटले.

त्यांची रीत साधी होती. शहरातल्या माणसाला दिवसात शेकडो लोक भेटतात, त्यामुळे लागण कुणाकडून झाली ते कळत नाही. डोंगरातल्या शेतघरात राहणाऱ्याच्या बाबतीत एखादं लग्न, एखादी जत्रा, एका दुपारची पाहुणी, एवढंच असतं. भेट एकच आणि तीही थोडा वेळ झालेली असेल तर भेटीचा दिवस पक्का. आजार दिसला तो दिवसही पक्का. मधले दिवस मोजले की तो रोग अंगात किती काळ दबा धरून बसतो ते मिळतं. अशा निवडक नोंदी त्यांनी एकेक करून गोळा केल्या.

1929 मध्ये खोऱ्यात काविळीची साथ आली. सुमारे 5,700 वस्तीत 250 जण आजारी पडले. काविळीचा विषाणू सापडायला अजून चाळीसहून अधिक वर्षं होती. पित्तनलिकेत चिकटा अडकल्याने ही कावीळ होते, असं तेव्हा बरेच डॉक्टर मानत. पिकल्सनी साथीचे धागे मागे मागे नेले. गावच्या जत्रेच्या दिवशी सकाळी त्यांनी एका मुलीला अंथरुणात तपासलं होतं. ती आज उठू शकेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. दुपारी बघतात तर ती जत्रेत चहाच्या कपबशा हाताळत होती! त्या एका दुपारी तिच्याकडून 13 जणांना लागण झाली, त्यांत तिचा प्रियकरही होता. जत्रेची तारीख ठरलेली, तेरा जणांच्या आजाराच्या तारखा वहीत. अशा पक्क्या भेटींवरून हिशेब निघाला 26 ते 35 दिवसांचा. 1930 मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

हे वाचताना मी खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

कारण नववीच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी मला कणकण होती. दोन दिवस अन्नावर वासना नव्हती, मळमळत होतं. आई नको म्हणत असताना मी गेले, कारण पडद्यामागे नाचणाऱ्या मुलामुलींना सरबत द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं. पिंपात ग्लास बुडवून बुडवून दिलेलं सरबत आठवतंय ना? आठवड्याभरात माझे डोळे पिवळे झाले. मी पंधरा दिवस घरी राहिले आणि परत आले, तेव्हा सगळे ते विसरूनही गेले होते. पुढे महिन्याभराने नऊ जण आजारी पडले, तेव्हा त्याचा संबंध माझ्याशी जोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आमच्या क्षेत्रातही काही बिघडलं की सगळे सर्वांत शेवटी झालेल्या बदलाकडे बोट दाखवतात, आणि आपल्या फाटकाशी सर्वांत शेवटी आलेली गोष्ट होती गोळ्याची गाडी. माझ्या यादीत दुसरीही एक चूक होती. गोळा खाऊन आजारी न पडलेल्या दोनशे-तीनशे मुलांची नावं मी लिहिलीच नव्हती.

पिकल्सचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. छातीच्या कडेला कळा आणणाऱ्या बॉर्नहोम आजाराची आपल्या भागातली साथ त्यांनी 1933 मध्ये नोंदवली. 1939 साली खेड्यातल्या प्रॅक्टिसमधून दिसणाऱ्या साथींवर त्यांचं शंभरेक पानांचं पुस्तक निघालं. मेजर ग्रीनवुड या लंडनच्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने त्याला प्रस्तावना लिहिली. उरलेल्या प्रती युद्धातल्या बाँबहल्ल्यात जळाल्या आणि पुस्तक पुन्हा मिळायला 1949 उजाडलं. मधल्या काळात रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आणि हार्वर्डमध्ये व्याख्यानं झाली. 1953 मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नव्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. तोवर फॅमिली डॉक्टर म्हणजे स्पेशालिस्ट होता न आलेला डॉक्टर, अशी समजूत तिकडेही होती. अध्यक्षपदावर असतानाही त्यांचा दवाखाना चालूच होता. 1969 मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या जरा आधी, ते वारले.

त्यांच्या पुस्तकाने ज्यांना झपाटलं त्यांत एडगर होप-सिम्पसन हे सायरेन्सेस्टर गावचे फॅमिली डॉक्टर होते. आपल्या साडेतीन हजार रोग्यांतल्या नागिणीच्या नोंदी त्यांनी 16 वर्षं ठेवल्या आणि 1965 मध्ये मांडलं, की लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू शरीरात लपून राहतो आणि पुढे नागीण होऊन वर येतो. हेसुद्धा एका दवाखान्यातल्या वहीतून.

आता माझा तक्ता. स्नेहसंमेलनाची पत्रिका माझ्याकडे आहे, तारीख 28 जानेवारी. माझ्या काविळीचा डॉक्टरांचा खर्च आईच्या हिशेबाच्या वहीत 4 फेब्रुवारीला लिहिलेला आहे. नवांपैकी चौघांशी बोलले. कुणाची गणिताची चाचणी बुडाली होती, कुणाच्या बहिणीचा साखरपुडा होता, अशा खुणांवरून त्यांच्या तारखा मिळाल्या: 25 फेब्रुवारी ते 2 मार्च. म्हणजे 28 ते 33 दिवस. गोळ्याची गाडी त्या वर्षी लागली तीच फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. सरबताच्या पिंपातलं पाणी मुळातच खराब असू शकेल, हेही मी लिहून ठेवलं आहे. पण गाडीचा हिशेब काही केल्या जुळत नाही.

पाच रकाने अजून मोकळे आहेत. त्या पाच जणांनी, किंवा त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनी, मेळाव्याच्या दिवशी मला गाठावं. आणि गोळेवाल्या काकांच्या घरचं कुणी गावात आहे का, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी तर नक्कीच.