लक्ष्मीबाईंना आलेले बोलावणे

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याची सवय नाही. पण वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे मंडळात ठरले, म्हणून हे चार शब्द.

येथे घाटकोपरला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या बाईंनी मला येशूची एक गोष्ट सांगितली. एका यजमानाने मोठी मेजवानी केली. पाने मांडून झाल्यावर बोलावणे धाडले, तर एकाला नवे शेत पाहावयाचे होते, दुसऱ्याला घेतलेले बैल जोखावयाचे होते, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. मग यजमानाने रस्त्यावरच्या गोरगरिबांना, आंधळ्यापांगळ्यांना आत बोलाविले. देवाच्या बोलावण्यालाही माणसे अशाच सबबी सांगतात, असा तिचा अर्थ. मी विचारले, सबब न सांगता सरळ नाही म्हणणाऱ्याचे काय? तेव्हा त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' माझ्या हाती ठेविली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळे इतके कडक की, घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून चालत नसे. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक मोठे कवी, पण संसारात पाय न ठरणारे. १८९३ साली आगगाडीत एका गृहस्थाने त्यांना बायबल दिले. ते वाचून त्यांचे मन पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतीमागून जावे, हीच त्या काळची शिकवण. पण त्या गेल्या नाहीत. लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनीही त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही.

मग विचार करता करता एक गोष्ट त्यांची त्यांनाच उमगली. माणूस देवाने निर्माण केला, जाती मात्र माणसांनी केल्या. असे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यावयास सुरुवात केली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. होकार उशिरा आला खरा, पण तो उसना नव्हता. पुढे प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे अध्याय रचले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि १९३६ साली त्या निवर्तल्या.

आता माझी गोष्ट. दर नाताळला शेजारच्या बाई आम्हांस बोलावीत. आम्ही जात नसू, म्हणून त्या ताट पाठवीत. सासूबाईंना चालत नसे, म्हणून मी ते कामवालीला देई. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली, तरी मी तेच करीत होते. विचारले तर कधी उपवास, कधी पोट बरे नाही. पुस्तक मिटले तेव्हा लाज वाटली. लक्ष्मीबाईंनी नाही म्हटले तेही खरे आणि हो म्हटले तेही खरे. माझ्याजवळ मात्र नुसत्या सबबी!

गेल्या नाताळला मी त्यांच्या घरी गेले, पाटावर बसून करंज्या खाल्ल्या, पाणी प्याले. माझा देव माझ्या देव्हाऱ्यात आहे तसाच आहे. ताटांचे काय होत असे, हेही मी त्यांना सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि आणखी एक करंजी वाढली.

मैत्रिणींनो, ज्याचा त्याचा देव वेगळा असेल. पण बोलावणे आले तर खरे उत्तर द्यावे, एवढेच लक्ष्मीबाईंपासून मी शिकले. ते पुस्तक आपणही जरूर वाचावे.