बाबासाहेब, ग्रिड आणि मूलची राईस मिल

मूल म्हणजे धानाचा पट्टा, त्यामुळे राईस मिल आल्याच. मिलची मोठी मोटार सुरू झाली की जवळचा बल्ब क्षणभर मंद होतो, बघितलंय ना? सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि व्होल्टेज पडतं. या प्रश्नाचं मोठं उत्तर म्हणजे ग्रिड. आपल्याकडे त्याचा पाया घालणाऱ्यांत एक नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. १९१२ मध्ये मुंबईत बी.ए., मग कोलंबिया आणि लंडन. ते इंजिनिअर नव्हते, अर्थतज्ज्ञ होते. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. मुद्दा सरळ होता: जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, त्यांना उद्योगांत काम मिळायला हवं. आणि उद्योग म्हटला की स्वस्त, भरवशाची वीज आलीच.

१९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. सिंचन आणि वीजही त्याच खात्याकडे होती. तेव्हा वीज मुख्यतः शहरांपुरती. एकटं छोटं वीजघर मोठी मोटार लागली की दमतं. त्यांच्या खात्याने वीजघरं एकमेकांना जोडायची दिशा धरली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. पुढे १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला, त्यातून राज्यांची वीज मंडळं निघाली. महाराष्ट्राचं १९६० मध्ये झालं.

ग्रिडमध्ये अनेक जनरेटर मिळून ओझं उचलतात, म्हणून एका मोटारीचा धक्का फारसा जाणवत नाही. पण तेवढ्याने भागत नाही. मोटारीला चुंबकीय क्षेत्रासाठी रिअॅक्टिव्ह पॉवर लागते. ती लांबून आणली तर वाटेत व्होल्टेज पडतं. म्हणून मिलमध्येच कपॅसिटर बसवतात, सबस्टेशनला ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतात आणि वीज केंद्रात रेग्युलेटर जनरेटरचं व्होल्टेज सांभाळतो.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब धम्मदीक्षा सोहळ्यासाठी चंद्रपूरला, तेव्हाच्या चांद्याला आले. ६ डिसेंबरला ते गेले. आज चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं आहे. इथली वीज सुमारे ७५० किलोमीटर दूर पडघ्यापर्यंत जाते.

पण त्यांचा हिशेब मेगावॉटचा नव्हता, हाताला मिळणाऱ्या कामाचा होता. लाइनच्या शेवटच्या गावातली मोटार पूर्ण व्होल्टेजवर फिरते का, यावरच तो पूर्ण झाला की नाही हे ठरतं.