बर्ट मन्रोचे इंजिन

जुन्या मोटारसायकलचे इंजिन उघडणाऱ्या कारागिराला कधी कधी मोठे कोडे पडते. एखाद्या भागाला कारखान्याने न पाडलेले भोक असते, एखाद्यावर कानशीचे ओरखडे दिसतात, तर एखादा भाग मूळ यंत्राचा नाहीच हे पाहताक्षणी कळते. हा बदल कोणी केला असेल? आणि कशासाठी? अशा कोड्यांनी भरलेले एक इंजिन न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ, इन्व्हरकार्गिल या शहरात घडले. त्याचे बाहेरचे कवच १९२० सालचे होते. आतले बहुतेक भाग मात्र एकाच माणसाने आपल्या हातांनी बनविलेले होते.

त्या माणसाचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. लोक त्याला बर्ट म्हणत. त्याचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेताच्या कामात त्याचे मन रमत नसे; घरातला सर्वांत चपळ घोडा भरधाव पिटाळण्यात मात्र त्याला विलक्षण आनंद वाटे. १९२० साली, वयाच्या २१व्या वर्षी, त्याने एक मोटारसायकल विकत घेतली. तिच्या कंपनीचे नाव ‘इंडियन’ आणि गाडीचे नाव ‘स्काउट’. नाव ऐकून फसू नये. ही गाडी भारतातली नव्हे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून कंपनीला ते नाव मिळाले होते.

स्काउट ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेगाने धावे. त्या काळी एवढा वेग कोणालाही पुरेसा वाटला असता. मन्रोला तो वाटला नाही. १९२६ सालापासून त्याने गाडीत बदल करावयास आरंभ केला. दिवसा तो मोटारसायकली विकण्याची नोकरी करी आणि रात्री आपल्या यंत्रापाशी बसे. पैसा थोडा आणि अवजारेही थोडी. म्हणून जे हाती येईल त्यातूनच त्याला वाट काढावी लागे.

मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बगलेला होत्या. त्यामुळे इंधन आणि हवा यांच्या मिश्रणाला वळसा घेऊन आत शिरावे लागे, आणि धावणाऱ्या माणसाचा श्वास कोंडावा तशी इंजिनाची अवस्था होई. मन्रोने झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आणल्या. त्या उघडझाप करणारे कॅम मूळचे दोन होते. दोन सिलिंडरांच्या चार झडपांसाठी त्याने चार कॅम तयार केले. जुने पिस्टन टिकेनात, तेव्हा धातू वितळवून तो जुन्या डब्यांत ओतू लागला आणि त्यातून नवे पिस्टन घडवू लागला. सिलिंडरांसाठी त्याने गॅस वाहून नेणारे बिडाचे जुने नळ वापरले. पिस्टनला जोडलेल्या दांड्यावर तर क्षणाक्षणाला प्रचंड ताण येतो. तसे दांडे त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या पोलादी आसातून कोरून काढले आणि तापवून, विझवून कणखर केले. अंतर मोजण्याचे सूक्ष्म उपकरण त्याने चाकाच्या जुन्या तारेपासून बनविले! साध्या टायरांवरची नक्षीसुद्धा तो स्वयंपाकघरातल्या सुरीने कापून काढी, म्हणजे ते गुळगुळीत होत. हे धाडस त्याच्यासारख्या जाणत्यालाच शोभे. इतरांनी त्याचे अनुकरण करू नये हेच बरे.

या सर्व खटाटोपात यशापेक्षा अपयशच वारंवार वाट्याला येई. महिनोन्‌महिने खपून घडविलेला पिस्टन एका धावेत फुटे, दांडा मोडून इंजिनाच्या कवचाला भोक पाडी. मन्रो मोडलेला तुकडा हातात घेऊन तो कोठून तुटला, का तुटला याचा शोध घेई आणि पुढचा भाग त्या जागी अधिक भक्कम करी. मोडके भाग त्याने कधी फेकले नाहीत. ते त्याने एका फळीवर मांडून ठेवले, आणि हा सारा वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य आहे, असे तेथे लिहिले. नैवेद्याचा ढीग वाढतच गेला. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने नोकरी सोडली आणि तो गाडीच्या छपरीतच राहावयास गेला.

आपल्या गावाजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्यावर तो गाडीची परीक्षा घेई. पण त्याचे लक्ष लागले होते अमेरिकेतील बॉनव्हिल या ठिकाणाकडे. तेथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. जगातले वेगाचे अनेक विक्रम तेथेच नोंदविले गेले. १९६२ साली ६३ वर्षांचा मन्रो आपली स्काउट घेऊन तेथे विक्रमासाठी उतरला. एव्हाना त्या गाडीचे वय ४२ वर्षे झाले होते! तिने ताशी २८८ किलोमीटर वेग गाठून आपल्या गटात विक्रम केला.

१९६७ साली मन्रो पुन्हा तेथे गेला. ६०० घनसेंटिमीटरचे मूळ इंजिन आता ९५० घनसेंटिमीटरचे झाले होते. त्या वर्षीच्या एका धावेत गाडी अर्ध्याहून अधिक अंतर काटते न काटते तोच भयंकर डगमगू लागली. वेग आवरावा म्हणून मन्रो ताठ बसला. त्याबरोबर वाऱ्याने त्याचा चष्मा हिसकावून नेला आणि त्याला काहीच दिसेनासे झाले. वाटेतल्या एका पोलादी खुंटाला गाडी धडकता धडकता वाचली. अखेर त्याने ती मिठावर आडवी पाडली आणि थोड्याशा खरचटण्यावर तो बचावला.

त्याच वर्षी १,००० घनसेंटिमीटरखालील गटात त्याने जागतिक विक्रम प्रस्थापित केला. जाताना आणि परतताना मिळालेल्या वेगांची सरासरी ताशी २९५.४५ किलोमीटर भरली. त्या वेळी मन्रो ६८ वर्षांचा होता.

६ जानेवारी १९७८ रोजी मन्रोचे निधन झाले. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलाच्या ध्यानात आले, की १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना नोंद करणाऱ्यांची चूक झाली होती. अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने हिशेब पुन्हा तपासला आणि २०१४ साली नोंद दुरुस्त करून तो वेग ताशी २९६.२६ किलोमीटर असल्याचे मान्य केले. मरणानंतर ३६ वर्षांनी मन्रोची गाडी आणखी थोडी वेगवान ठरली.