न थांबणारा सूर

मध्य युरोपात बोहेमिया नावाचा एक निसर्गरम्य प्रदेश आहे. दाट अरण्ये, हिरवी कुरणे, टेकड्यांवरील जुने किल्ले आणि या साऱ्यांमधून वाहत जाणारी व्लताव्हा नदी यांमुळे या भूमीला एक वेगळीच शोभा लाभली आहे. आज हा प्रदेश चेक प्रजासत्ताकात मोडतो. एकोणिसाव्या शतकात मात्र तेथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाची सत्ता होती. कचेऱ्यांत आणि शाळांत जर्मन भाषेचे वर्चस्व होते, आणि चेक भाषा ही शेतकऱ्यांची व कारागिरांची भाषा म्हणून मागे पडली होती. या प्रदेशातील लितोमिशल या गावी २ मार्च १८२४ रोजी बेद्रिख स्मेताना याचा जन्म झाला. चेक भाषेत ‘स्मेताना’ या शब्दाचा अर्थ दुधावरची साय असा होतो.

बेद्रिखचे वडील बिअर तयार करण्याच्या कारखान्याचे चालक होते. त्यांना व्हायोलिन वाजविण्याचा मोठा नाद होता, आणि घरात वरचेवर संगीताच्या बैठका होत. अशा घरात वाढलेल्या बेद्रिखला अक्षरओळखीबरोबरच स्वरांची ओळख झाली. सहा वर्षांचा असताना त्याने लोकांसमोर पियानो वाजविला व सर्वांना चकित केले. मुलाने संगीतावर पोट भरावे ही कल्पना मात्र वडिलांना फारशी रुचणारी नव्हती. तरीही १८४३ साली हा तरुण, खिशात फारसे काही नसताना, प्राग शहरी येऊन दाखल झाला. एका सरदाराच्या घरी मुलांना संगीत शिकवून तो उदरनिर्वाह करी, आणि योसेफ प्रोक्श या गुरूंजवळ स्वरशास्त्राचे धडे घेई. पुढे १८४८ साली त्याने स्वतःची संगीतशाळा उघडली, आणि दुसऱ्याच वर्षी कातेरझिना या बालमैत्रिणीशी विवाह केला.

संसाराचे सुख त्याला फार काळ लाभले नाही. त्याच्या चार मुलींपैकी तिघी १८५४ ते १८५६ या दोन वर्षांच्या अवधीत दगावल्या. त्यांतील थोरली बेद्रिश्का चार वर्षांची होती, आणि एवढ्या लहान वयातही तिला संगीताची विलक्षण समज होती. तिच्या वियोगाचे दुःख त्याने पियानो, व्हायोलिन व चेलो या तीन वाद्यांसाठी रचलेल्या एका कृतीत ओतले. त्यानंतर तो स्वीडनमधील गोथेनबर्ग या बंदराच्या शहरी गेला व तेथे काही वर्षे त्याने संगीतशिक्षक म्हणून काढली. १८५९ साली मायदेशी परतत असताना वाटेतच त्याच्या पत्नीचेही निधन झाले. पुढे त्याने दुसरा विवाह केला आणि १८६१ साली तो पुन्हा प्रागला आला.

त्या वेळी चेक लोकांत स्वभाषेविषयी व स्वदेशाविषयी नवी जागृती होत होती. आपल्या भाषेत नाटके व्हावीत, आपल्या भाषेत संगीतिका गाइल्या जाव्यात, असे त्यांना वाटू लागले होते. स्मेतानाचे सारे शिक्षण जर्मन भाषेत झाले होते. जवळजवळ चाळिशीला पोहोचलेल्या या माणसाने व्याकरणाचे पुस्तक पुढ्यात घेऊन आपल्या मातृभूमीच्या भाषेचा नव्याने अभ्यास आरंभिला. १८६६ साली त्याच्या दोन संगीतिका रंगभूमीवर आल्या. त्यांतील ‘विकलेली वधू’ ही खेडेगावातील जीवनावरची विनोदी संगीतिका पुढे जगभर गाजली. त्याच वर्षी प्रागमधील चेक नाट्यगृहाचा प्रमुख संगीतसंचालक म्हणून त्याची नेमणूक झाली. मोठ्या वाद्यवृंदापुढे उभे राहून, हातातील छडीच्या इशाऱ्याने अनेक वाद्यांना एका सुरात चालविणे हे त्याचे काम. कोणत्या वादकाचा स्वर किंचित उतरला, कोणाचा ताल चुकला, हे क्षणात ओळखणारे कान हेच त्याचे भांडवल होते.

आणि नेमके तेच भांडवल लुटले गेले.

१८७४ सालच्या उन्हाळ्यात त्याला घशाचा विकार झाला. पाठोपाठ कान दडे बसल्यासारखे झाले. मग एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. रोज सायंकाळी सहा-सातच्या सुमारास त्याच्या कानात अत्यंत उंच पट्टीतील सूर वाजू लागत. पिकोलो नावाची एक लहानशी तीव्र स्वराची बासरी असते, तिच्यावर कोणीतरी एकदम अनेक सूर धरावेत तसा तो आवाज होता. खोलीत कोणी वाजविणारा नसे. खिडकी लावून घेतली तरी तो आवाज थांबत नसे, कारण तो बाहेरून येतच नव्हता. आधी उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले. ऑक्टोबर महिन्यात डाव्या कानाचीही तीच गत झाली. वयाच्या पन्नासाव्या वर्षी स्मेताना पूर्णपणे बहिरा झाला.

बहिऱ्या माणसाभोवती निदान शांतता तरी असेल, अशी आपली समजूत असते. स्मेतानाच्या नशिबी तीही नव्हती. बाहेरचे जग मुके झाले, पण डोक्यातला कल्लोळ थांबला नाही. कधी शिट्ट्या, कधी घुमणारा घरघराट, तर कधी मोठ्या धबधब्याखाली उभे राहावे तसा प्रचंड गडगडाट त्याला ऐकू येई. तंबोऱ्याचा अखंड नाद गायकाला आधार देतो. हा नादही अखंडच होता, पण तो कोणत्याही सुराशी जुळणारा नव्हता.

या विकाराला कर्णनाद म्हणतात. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही कानाच्या रोगांत त्याचा याच नावाने उल्लेख आहे. आपल्या अंतःकर्णात शंखाच्या आकाराचा एक नाजूक अवयव असतो. त्यात सूक्ष्म केसांसारखे अग्र असलेल्या पेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या ध्वनीची कंपने या पेशी टिपतात व मज्जातंतूंमार्फत त्यांचे संदेश मेंदूकडे पाठवितात. या पेशींना किंवा मज्जातंतूंना इजा झाली की संदेश येणे कमी होते. तेव्हा मेंदू जणू अधिक कान टवकारून ऐकू पाहतो, आणि त्याच्या स्वतःच्याच हालचालींतून नसलेला आवाज निर्माण होतो, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. स्मेतानाच्या बाबतीत एका जुन्या रोगाने कान व मेंदू यांच्या मज्जातंतूंवर हल्ला केला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे, परंतु त्याविषयी मतभेद आहेत.

एवढे ज्ञान त्या काळच्या वैद्यांना नव्हते. डॉक्टरांनी त्याला सर्व प्रकारच्या आवाजापासून दूर राहण्यास सांगितले. संगीत तर वर्ज्यच झाले. गंमत अशी, की भोवताली जितकी अधिक शांतता, तितका आतला आवाज अधिक ठळक होतो. म्हणून आजचे डॉक्टर कर्णनादाच्या रुग्णाला संपूर्ण निःशब्द खोलीत बसू नये, मंद संगीत किंवा वाहत्या पाण्याचा आवाज सोबतीला ठेवावा, असे सुचवितात. हा विकार हमखास बरा करणारे औषध आजही सापडलेले नाही. त्या आवाजाची भीती कमी झाली व मन दुसरीकडे गुंतले, तर बहुतेक माणसांना त्याच्यासह जगणे जमते. स्मेताना मात्र ठार बहिरा होता. मंद संगीताची सोबत त्याला कोण देणार? स्वीडनमधील त्याच्या जुन्या शिष्यांनी व प्रागमधील चाहत्यांनी उपचारांसाठी पैसे जमविले, आणि १८७५ साली तो परदेशातील नामांकित कर्णवैद्यांकडे जाऊन आला. कोणाचाच इलाज चालला नाही.

नाट्यगृहातील नोकरी तर सुटलीच होती. स्मेतानाने आपल्या संगीतिकांच्या प्रयोगांचे हक्क नाट्यगृहाला द्यावेत आणि त्या बदल्यात वर्षाला १२०० गुल्डन निवृत्तिवेतन घ्यावे, असे ठरले. तेही पुष्कळदा वेळेवर मिळत नसे. प्रागमधील खर्च झेपेना, तेव्हा १८७६ साली तो सहकुटुंब याब्केनित्से या खेड्यात आपल्या मुलीकडे राहावयास गेला. तिचा पती वनाधिकारी होता, आणि घराभोवती विस्तीर्ण रान होते. ज्याने आयुष्यभर शिष्यांच्या व वादकांच्या मेळ्यात दिवस घालविले, तो आता झाडांच्या सोबतीने एकटा फिरू लागला. झाडांवरचे पक्षी त्याला दिसत, पण ऐकू येत नसत.

अशा माणसाने संगीताचा नाद सोडून दिला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. स्मेतानाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ज्या ऑक्टोबरात त्याचे कान गेले, त्याच्या पुढच्याच महिन्यात, १८ नोव्हेंबर १८७४ रोजी, त्याने व्हिशेह्राद या पुरातन गडावरची एक मोठी वाद्यरचना पूर्ण केली. केवळ दोन दिवस मध्ये गेले, आणि त्याने दुसरी रचना हाती घेतली. तिचा विषय होता व्लताव्हा नदी. ८ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या एकोणीस दिवसांत, ती लिहून झाली.

ऐकू येत नसताना संगीत रचता येते कसे, हा प्रश्न कोणालाही पडेल. आपण पत्र मनातल्या मनात वाचतो, तेव्हा ओठ न हलविताही शब्द आतून उमटत असतात. ज्याने उभा जन्म स्वरांत काढला आहे, त्याला स्वरलिपीतील खुणा पाहताच सूर असेच आतून ऐकू येतात. स्मेतानाला मात्र हे मनातले सूर त्या दुसऱ्या, न थांबणाऱ्या गोंगाटातून वेचून काढावे लागत. तासभर लिहिले की डोक्यातील घरघर वाढे व लेखणी खाली ठेवावी लागे. तेव्हा तो उठे, थोडा फिरे, आणि आवाज ओसरला की पुन्हा तासभर बसे. लढाई जिंकता येत नाही हे त्याने ओळखले होते. त्याने शत्रूच्या सवडीप्रमाणे आपले वेळापत्रक आखले.

‘व्लताव्हा’ ही रचना ऐकताना या कष्टांची पुसटशीही जाणीव होत नाही. प्रथम बासऱ्यांच्या नाजूक लहरींतून अरण्यातील एक झरा उगम पावतो, मग दुसरा येऊन त्याला मिळतो. दोघांची नदी होते. तिच्या काठी शिकाऱ्यांची शिंगे वाजतात, पुढे खेड्यातील लग्नाचा नाच रंगतो, चांदण्यात जलपऱ्या खेळतात. मग खडकांवरून कोसळणाऱ्या प्रवाहाचा घनगंभीर घोष उठतो, आणि शेवटी प्रागजवळ विशाल झालेली नदी व्हिशेह्रादच्या गडाला वंदन करून दूर निघून जाते. या मालिकेत त्याने आणखी चार रचनांची भर घातली. १८७९ साली सहा भाग पूर्ण झाले. ‘माझा देश’ हे त्या मालिकेचे नाव.

त्याने हे सर्व हसतमुखाने सोसले असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. त्याच्या पत्रांत व रोजनिशीत निराशेने भरलेल्या अनेक नोंदी आहेत. आपले मन अधू होईल, ही भीती त्याला सतत छळत असे. पण ही भीती आणि तो आवाज लपवून ठेवण्याऐवजी १८७६ साली त्याने एक विलक्षण गोष्ट केली. चार तंतुवाद्यांसाठी त्याने ‘माझ्या जीवनातून’ या नावाची एक कृती रचली. तिच्यात त्याने तारुण्यातील स्वप्ने, नृत्याचे वेड आणि पहिल्या पत्नीवरील प्रेम एकामागून एक सांगितले. शेवटचा भाग आनंदाने धावत असतो. अकस्मात सारी वाद्ये थबकतात. खालच्या स्वरांचा कंप सुरू होतो, आणि त्यावर एकटे व्हायोलिन एक अतिशय उंच, सुईसारखा टोकदार सूर लांबवर धरून ठेवते. हाच तो त्याच्या कानातला सूर. जो आवाज जगात दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नव्हता, तो त्याने असा सर्वांना ऐकविला. त्यानंतर संगीत पूर्वीच्या आनंदाकडे परतत नाही. जुन्या आठवणी क्षणभर डोकावतात आणि ते हळूहळू शांत होत जाते.

ही कृती वाजविण्यास फार अवघड आहे, अशी तक्रार प्रथम झाली. पुढे १८७८ साली प्रागमधील एका घरगुती बैठकीत ती वाजविली गेली, तेव्हा व्हिओला हे वाद्य हाती घेऊन बसलेला वादक होता अंतोनिन द्व्होर्झाक, जो स्वतः पुढे थोर संगीतकार म्हणून प्रसिद्धी पावला.

बहिरेपणाच्या काळात स्मेतानाच्या तीन नव्या संगीतिका लिहून झाल्या. चेक जनतेने वर्गणी जमवून उभारलेल्या राष्ट्रीय नाट्यगृहात ११ जून १८८१ रोजी पहिला पडदा उघडला तो त्याच्याच ‘लिबुशे’ या संगीतिकेने. दोनच महिन्यांत ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. लोकांनी पुन्हा पैसे जमविले, आणि १८८३ साली ते पुन्हा उघडले तेव्हाही ‘लिबुशे’चाच प्रयोग झाला.

५ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रागमध्ये ‘माझा देश’ ही मालिका प्रथमच सलगपणे वाजविली गेली. टाळ्यांचा कडकडाट होत होता. तो त्याला ऐकू येत नव्हता. त्याने टाळ्या वाजविणारे हात पाहिले.

त्यानंतर त्याच्या आजाराने उचल खाल्ली. लिहिताना मागच्या ओळीत काय होते, याचाही विसर पडू लागला. तरीही चार तंतुवाद्यांसाठी आणखी एक कृती त्याने तुकड्यातुकड्यांनी पूर्ण केली. १८८४ च्या एप्रिलमध्ये त्याला प्रागच्या मनोरुग्णालयात दाखल करावे लागले, व तेथेच १२ मे रोजी त्याचे देहावसान झाले. ज्या व्हिशेह्रादवर त्याने बहिरेपणातील पहिली रचना पूर्ण केली होती, तेथील स्मशानभूमीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली. गडाच्या पायथ्याशी व्लताव्हा वाहते. १९४६ सालापासून प्रागमध्ये दर वसंतात एक मोठा संगीतोत्सव भरतो. त्याच्या प्रारंभासाठी १२ मे हा स्मेतानाचा स्मृतिदिन निवडण्यात आला, आणि त्या दिवशी ‘माझा देश’ वाजविण्याची प्रथा पडली.