पाश्चर यांची रोजकीर्द

पेढीचा ताळेबंद कितीही नेटका असो, तंटा कोर्टांत गेला म्हणजे न्यायाधीश रोजकीर्द पुढें आणावयास सांगतो. ताळेबंद जगास दाखविण्यासाठीं मांडलेला असतो. कीर्द ज्या त्या दिवशीं लिहिलेली असते. थोर पुरुषांच्या चरित्रांसही हाच न्याय लावावा कीं नाहीं, हा प्रश्न फ्रान्सचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या कागदपत्रांनीं उपस्थित केला आहे; आणि तो लावलाच पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजीं दोल या गांवीं झाला. वडील कातडीं कमावण्याचा धंदा करीत. १८४८ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, त्यांनीं द्राक्षमद्याच्या धंद्यांत आढळणाऱ्या एका आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखालीं एकेक करून निवडले, आणि घटक तेच असूनही कांहीं स्फटिक डाव्या व कांहीं उजव्या हातासारखे असतात हें दाखवून दिलें. पुढें, पदार्थ आंबतात ते सजीव सूक्ष्म जंतूंमुळें, हें त्यांनीं सिद्ध केलें. १८६५ पासून रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा त्यांनीं छडा लावला. १८६८ सालीं अर्धांगवायूचा झटका आला. तरी काम थांबलें नाहीं. या सर्व प्रयोगांची नोंद ते वह्यांत करीत. अशा सुमारें शंभर वह्या झाल्या. परंतु त्या कोणासही दाखवूं नयेत, अशी ताकीद त्यांनीं १८७८ सालीं घरच्या मंडळींस देऊन ठेविली.

मे १८८१ मध्यें पॅरिसच्या आग्नेयेस पुयी-ल-फोर येथें त्यांनीं २४ मेंढ्यांस काळपुळीची लस टोंचली व २४ मेंढ्या तशाच ठेविल्या. नंतर सर्वांस रोगाचें जहाल विष दिलें. २ जूनच्या दिवसअखेर बिनलशीच्या सर्व मेंढ्या मेल्या. लस टोंचलेल्या उभ्या होत्या. हवेंतील प्राणवायूच्या योगें जंतु दुर्बळ करण्याच्या आपल्या रीतीनेंच ही लस केली, असा लोकांचा समज पाश्चर यांनीं होऊं दिला. वस्तुतः ती त्यांचे सहकारी शांबर्लां यांनीं पोटॅशियम डायक्रोमेट वापरून तयार केली होती. तुलूझचे पशुवैद्य तूसाँ यांनीं १८८० सालींच कार्बोलिक आम्ल वापरून हाच मार्ग धरिला होता. त्यांच्या पदरीं श्रेय पडलें नाहीं.

६ जुलै १८८५ रोजीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचण्यास आरंभ झाला. मुलगा वांचला व पाश्चर यांचें नांव जगभर झालें. परंतु ज्या क्रमानें ती लस दिली, त्या क्रमाचे कुत्र्यांवरील प्रयोग तेव्हां चालूच होते, पुरे झालेले नव्हते, असें वह्या सांगतात.

२८ सप्टेंबर १८९५ रोजीं पाश्चर निवर्तले. १९०० सालीं जामातांनीं त्यांचें गौरवपर चरित्र लिहिलें. नातवानें त्यांचीं पत्रें १९४० ते १९५१ या काळांत चार खंडांत छापलीं. वह्या मात्र बंदच राहिल्या. १९३८ सालीं पाश्चर यांचे भाचे व एके काळचे साहाय्यक लुआर यांनीं काळपुळीच्या लशीची खरी हकीकत लिहिली. पण ती एका साक्षीदाराची जबानी ठरली, कागदाचा आधार तीस नव्हता. अखेर १९६४ सालीं नातवानें वह्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिल्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर अभ्यासकांस त्या पाहतां आल्या. जेराल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकारानें १९९५ सालीं त्यांवरून पाश्चर यांच्या वर्तनावर टीका केली. मॅक्स पेरुट्झ या नामांकित शास्त्रज्ञानें पाश्चर यांचा पक्ष घेऊन तिचें खंडन केलें. दोन्ही पक्षांस वाद करतां आला तो कागद उघड्यावर आले म्हणूनच.

यामुळें पाश्चर लहान ठरले काय? मुळींच नाहीं. मेंढ्या वांचल्या हें खरें, मुलगा वांचला हेंही खरें. परंतु तूसाँचा हिशेब चुकता होण्यास शंभर वर्षें लागावीं, ही शोभा देणारी गोष्ट नव्हे. थोर पुरुषाच्या कीर्तीस जपावें म्हणून त्याचे कागद पेटींत कोंडणारे आप्त त्याची सेवा करीत नाहींत. ते त्यास संशयाच्या स्वाधीन करितात. आणि हा केवळ घरगुती मामला नव्हे. शास्त्रज्ञाच्या शब्दावर विश्वास ठेवून आईबाप आपल्या लेंकराचा दंड लशीसाठीं पुढें करितात. ज्यांनीं इतका मोठा विश्वास टाकला, त्यांस ताळेबंदापलीकडची कीर्द पाहण्याचा हक्क आहे. आणि ती शास्त्रज्ञाच्या नातवाच्या मृत्यूनंतर नव्हे, तर वेळेवर पाहावयास मिळाली पाहिजे.